गड्यांची वाटणी

मित्रहो, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पोरे हुतुतूला जमली म्हणजे आधी काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि एकेक गडी मागून घेतात. ज्याची बाजू लंगडी, त्याला पहिली पाळी देण्याचा समजूतदारपणाही पोरांपाशी असतो. कारण एकतर्फी खेळात कुणालाच रंगत येत नाही. आज ज्या वाटणीची हकीकत सांगायची आहे ती याच न्यायाने चालते. फरक इतकाच की ती अमेरिकेत होते, वाटले जातात ते कॉलेजांतले विद्यार्थी, वाटून घेतात ते धंदेवाईक संघांचे मालक, आणि ज्या कॉलेजांनी हे गडी तयार केले त्यांना या वाटणीत बोलावणेच नसते.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, बरं का. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखोटीला मारून पळायचे किंवा हाताने लांब फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला धरून आडवा करायचा. या खेळाचे माहेर म्हणजे कॉलेज. १८६९ साली रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. आणि धंदेवाईक संघांचा जो मोठा संघ पुढे नावारूपास आला, त्याची स्थापना व्हायला १९२० साल उजाडले. तीही ओहायो राज्यातल्या कँटन गावी, मोटारींच्या एका दुकानात! म्हणजे पन्नास वर्षे हा खेळ विद्यार्थ्यांचाच होता. पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे तेव्हा लोक जरा तिरक्या नजरेनेच पाहत.

ही नजर बदलली ती एका बर्फ वाहणाऱ्या पोरामुळे. हॅरल्ड ग्रेंज त्याचे नाव. इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी उन्हाळ्याच्या सुटीत तो बर्फाच्या जड लाद्या घरोघर पोहोचवी. इलिनॉय विद्यापीठात गेल्यावर त्याने काय करावे? १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, विद्यापीठाच्या नव्या प्रेक्षागाराच्या समर्पणाच्या दिवशी, मिशिगनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत त्याने चार वेळा चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला. सुमारे ६७ हजार माणसे ते पाहत होती. दुसऱ्या वर्षी, २१ नोव्हेंबर १९२५ ला, त्याचा कॉलेजसाठीचा शेवटचा सामना झाला. आणि पाचच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, तोच ग्रेंज शिकागोच्या ‘बेअर्स’ या धंदेवाईक संघाचा पोशाख घालून मैदानात उतरला. पदवी पुरी व्हायची होती. ती पुढे कधीच झाली नाही.

त्याचे गुरू बॉब झप्की यांना हे मुळीच रुचले नाही. गुरुशिष्यांत पुढे बराच काळ दुरावा राहिला. मी स्वतः वर्गावर शिकवणारा माणूस. तेव्हा माझे मन प्रथम झप्कींच्या बाजूलाच झुकते. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर उठून जातो, हे कुठल्या मास्तराला आवडेल? पण मग मनात येते, त्या ६७ हजार तिकिटांचा पैसा गेला कुणाकडे? विद्यापीठाकडे. ज्याला पाहायला माणसे लोटली तो मात्र सुटीत पुन्हा बर्फच वाहत होता. ६ डिसेंबर १९२५ ला न्यूयॉर्कमध्ये त्याला पाहायला सुमारे सत्तर हजार लोक आले आणि तिथला डबघाईला आलेला धंदेवाईक संघ त्या एका दिवसात सावरला. असल्या गड्याने ‘मला काही नको’ म्हणावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

कॉलेजे खवळली. धंदेवाईकांनाही त्यांचे वैर परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा १९२६ मध्ये नियम झाला : ज्या विद्यार्थ्याच्या बरोबरीचा वर्ग अजून पदवीधर झालेला नाही, त्याला कोणत्याही संघाने घेऊ नये. हा नियम नीट पाहा. विद्यार्थ्याने स्वतः पदवी घेतलीच पाहिजे असे तो म्हणत नाही. त्याच्या बरोबरीच्यांची चार वर्षे उलटली म्हणजे झाले! विद्येची काळजी यात किती आणि कॉलेजच्या तिकीटविक्रीची किती, याचा विचार तुम्हीच करा.

आता वाटणीकडे वळू. फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ संघाचे मालक होते बर्ट बेल. संघ अगदी तळाचा. चांगला गडी कॉलेजातून बाहेर पडला की श्रीमंत संघ जास्त पैसे देऊन त्याला घेणार, म्हणजे बलवान अधिक बलवान आणि दुबळे अधिक दुबळे. बेल यांनी १९३५ च्या मे महिन्यात इतर मालकांपुढे तोड मांडली : सर्वांनी पाळीपाळीने नावे घ्यावी, आणि जो सर्वांत शेवटी आला त्याला पहिली पाळी. ज्याचे नाव एका संघाने घेतले त्याच्याशी दुसऱ्याने बोलणीसुद्धा करायची नाहीत. आपल्या पोरांचा तोच हुतुतूचा न्याय! फक्त पोरांच्या खेळात गड्याला ‘मी तुझ्याकडे येत नाही जा’ असे म्हणता येते. इथे ‘नाही’ म्हटले तर दुसरे दारच उरले नाही.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्ल्टन हॉटेलात ही पहिली वाटणी झाली. नव्वद विद्यार्थ्यांची नावे लिहून ठेवली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ नावे उचलली. पहिली पाळी अर्थात बेल यांची. त्यांनी नाव घेतले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. कॉलेजांतल्या सर्वोत्तम गड्यासाठी १९३५ मध्ये जे मानचिन्ह सुरू झाले त्याचा पहिला मानकरी तोच. (त्याला अडवताना मिशिगनच्या एका गड्याच्या डोळ्याखाली जखम झाली, तिचा व्रण राहिला. तो गडी जेरल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.) बेल यांनी बर्वँगरवरचा हक्क शिकागोच्या बेअर्सना देऊन टाकला. बर्वँगरने दोन वर्षांचे २५ हजार डॉलर मागितले. ते मंदीचे दिवस होते. मालकांना आकडा झेपेना. मग या पठ्ठ्याने धंदेवाईक फुटबॉलला रामराम ठोकला आणि स्पंजसारख्या रबराची विक्री पत्करली. पुढे स्वतःचा कारखाना काढला. मानचिन्ह कित्येक वर्षे त्याच्या आत्याकडे दार वाऱ्याने लागू नये म्हणून अडसरासारखे ठेवलेले असे. गंमत अशी, की ज्यांनी ही युक्ती काढली त्या बेल यांच्या हाती पहिल्या वाटणीतल्या नऊ नावांपैकी एकही गडी लागला नाही.

आणि त्याच्या विद्यापीठाचे काय झाले? १९३९ च्या हंगामात शिकागोचा संघ मिशिगनकडून ८५ विरुद्ध ० असा हरला. रॉबर्ट हचिन्स हे तिथले प्रमुख; विद्यापीठ हे विद्येसाठी असते असे उघड बोलणारा माणूस. त्या डिसेंबरात शिकागोने फुटबॉल बंदच करून टाकला. मैदान ओस पडले. त्याच मैदानाच्या पश्चिमेकडच्या बैठकांखाली, चेंडूफळीच्या एका बंदिस्त दालनात, २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित शृंखला-प्रक्रिया घडवून दाखवली. हचिन्स यांचे करणे सर्वांनाच पटले असे नाही. पण धंद्याच्या ओढीपासून सुटण्याचा तो एक मार्ग होता, आणि इतर मोठ्या विद्यापीठांपैकी फारच थोडी त्या मार्गाने गेली. बाकीच्यांनी प्रेक्षागारे वाढवली.

बर्वँगरच्या वेळी गडी जाई तो निदान चार वर्षांनी जाई. त्यात कॉलेजचे मोठेसे बिघडत नसे. आमच्याकडेही दरवर्षी एक वर्ग रिकामा होतोच. बांध फुटला तो पुढे. १९८३ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा हर्शेल वॉकर तीन हंगाम खेळून एका नव्याच धंदेवाईक मंडळाला जाऊन मिळाला. १९९० मध्ये जुन्या मंडळानेही माघार घेतली आणि शाळा सोडून तीन वर्षे झालेल्या विद्यार्थ्याला वाटणीत यायची मोकळीक दिली. त्या वर्षी पहिले नाव पुकारले गेले ते जेफ जॉर्जचे. कॉलेजात खेळण्याचे त्याचे एक वर्ष अजून शिल्लक होते. आणि कॉलेज कोणते? इलिनॉय! ग्रेंजचेच. पासष्ट वर्षांपूर्वी ज्यावरून गुरुशिष्य दुरावले, ते आता रीतसर नियमात बसले होते. ही तीन वर्षांची अटही नको म्हणून ओहायो राज्य विद्यापीठाचा मॉरिस क्लॅरेट कोर्टात गेला. २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला, वरच्या कोर्टात हरला. अट राहिली.

या मोकळिकीचा कॉलेजच्या संघावर काय परिणाम होतो, हे पाहायचे तर लुइझियाना राज्य विद्यापीठाकडे जावे लागेल. मिसिसिपी नदीच्या काठी बॅटन रूज नावाचे शहर आहे, तिथे हे विद्यापीठ. प्रेक्षागारात लाखावर माणूस बसतो. २०१९ च्या हंगामात या संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनचा ४२-२५ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. संघाचा सूत्रधार जो बरो हा ओहायोतून आलेला. तिथली पदवी आधी पदरात पाडून मग इकडे आला होता, हे मला विशेष सांगावेसे वाटते. त्या हंगामात त्याच्या फेकीवर साठ वेळा गुण झाले. मानचिन्ह स्वीकारताना त्याने आपल्या भागातल्या, घरी गेल्यावर पोटभर न मिळणाऱ्या पोरांची आठवण काढली, तेव्हा लोकांनी तिथल्या अन्नछत्राला पाच लाखांवर डॉलर पाठवले.

विजयाची मिरवणूक संपते न संपते तो पांगापांग सुरू झाली. खेळण्याचा हक्क शिल्लक असलेल्या नऊ जणांनी ‘आम्ही जातो’ म्हणून जाहीर केले. एप्रिलमधल्या वाटणीत या एका कॉलेजचे चौदा गडी उचलले गेले. बरो पहिला, एकट्या पहिल्या फेरीत पाच. चढाईचे डावपेच बसवणारा एक सहायक शिक्षक धंदेवाईकांकडे गेला, बचावाचा प्रमुख दुसऱ्या विद्यापीठात मुख्य शिक्षक झाला. त्यात महामारी आली, आणि उरलेल्यांतला सर्वांत तेजस्वी गडी जमार चेस याने तो हंगाम न खेळण्याचे ठरवले. २६ सप्टेंबर २०२० ला अजिंक्य संघ आपल्याच मैदानावर उतरला, साथीमुळे बहुतेक बैठका मोकळ्या, आणि मिसिसिपी राज्य विद्यापीठाकडून ४४-३४ असा हरला. हंगाम अखेर पाच जिंकले, पाच हरले. पुढच्याच वर्षी मुख्य शिक्षक एड ऑर्जरॉन यांना जावे लागणार हे जाहीर झाले.

गेलेल्या पोरांना दोष द्यावा काय? मला तरी देववत नाही. या खेळात गुडघा एकदा निखळला की सगळे संपले. बरोला चार वर्षांच्या करारात सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर मिळायचे होते. कॉलेजात तेव्हा शिष्यवृत्ती आणि राहण्याजेवणाचा खर्च एवढेच मिळे. आणि शिक्षकांचे पगार लाखांत! राहिलेल्या पोरांचे मात्र वाईट वाटते. छातीवर अजिंक्यपदाचा मान, आणि बाजूला ओळखीचा गडी नाही.

पण एवढ्यावरून वाटणी आली की संघ बुडालाच, असे समजू नका. जॉर्जिया विद्यापीठाने २०२१ चे अजिंक्यपद घेतले आणि २०२२ च्या वाटणीत त्याचे पंधरा गडी गेले, सात फेऱ्यांच्या वाटणीतला तोवरचा विक्रम. पहिल्या फेरीत बचावफळीतले पाच गडी उचलले गेले. तरी पुढच्या हंगामात तोच संघ पंधरा सामने जिंकून ९ जानेवारी २०२३ ला टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध ६५-७ असा पुन्हा अजिंक्य झाला. कारण साधे. मुख्य शिक्षक कर्बी स्मार्ट यांनी दरसाल शाळांतून उत्तमोत्तम पोरे आणून मागच्या रांगेत तयार ठेवली होती, आणि सामन्यांत त्यांना आधीपासून उतरवलेही होते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पीक काढायच्या आधी ज्याची रोपे तयार, त्याचे वावर पडीक राहत नाही. पण इतकी रोपे बाळगायची ऐपत देशात मोजक्याच विद्यापीठांची.

अलीकडे वारे पुन्हा फिरले आहे. जुलै २०२१ पासून विद्यार्थ्यांना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवता येऊ लागले. कोर्टातल्या तडजोडीनंतर १ जुलै २०२५ पासून तर कॉलेजे स्वतःच गड्यांना पैसे देऊ लागली. तेव्हापासून वाटणीत घाईने उडी घेणाऱ्यांची संख्या उतरली आहे. तिसऱ्या वर्षाचा पोरगा चौथे वर्षही काढतो. पण याच काळात एक कॉलेज सोडून लगेच दुसऱ्याकडून खेळायची मुभाही मिळाली. त्यामुळे लहान गावच्या कॉलेजाने दोन वर्षे घडवलेला गडी आता मोठ्या विद्यापीठात जातो. तिथे फेऱ्या नाहीत, पाळी नाही, आणि लंगड्या बाजूला पहिले नाव घेऊ देण्याची पद्धतही नाही.