शेतमाल विपणन कायदे : निफाड तालुका
नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका कांदा व द्राक्षे या पिकांसाठी प्रसिद्ध असून लासलगाव व पिंपळगाव बसवंत या तेथील प्रमुख बाजारपेठा होत. व्यापारी व अडते यांच्याकडून होणारी शेतकऱ्यांची नाडवणूक थांबावी म्हणून मुंबई प्रांतात 1939 साली बाजार कायदा झाला आणि लासलगाव येथे 1947 मध्ये बाजार समिती स्थापन झाली. पुढे महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार अधिनियम, 1963 अन्वये उघड लिलाव, अचूक वजनमाप, परवानाधारक व्यापारी आणि निर्वाचित समिती ही व्यवस्था राज्यभर दृढ झाली. मात्र विक्री समितीच्या आवारातच करण्याच्या बंधनामुळे मोजक्या खरेदीदारांची मक्तेदारीही वाढली. म्हणून 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला, त्यांत कांदाही, आवाराबाहेरील विक्रीसाठी नियमनमुक्त केला आणि अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. आवाराबाहेरील व्यापार खुला करण्याच्या याच दिशेचे केंद्राचे 2020 चे कृषी कायदे मात्र देशव्यापी आंदोलनानंतर 2021 मध्ये रद्द झाले. कांद्यावरील निर्यातशुल्क व निर्यातबंदी हे विषय केंद्राच्या अखत्यारीत असल्याने केवळ बाजार कायद्यातील सुधारणांनी येथील उत्पादकास भावाची हमी मिळत नाही.