नाणेसंग्रह व नाण्यांची पारख

नाणेसंग्रह : चलनातून गेलेली जुनी नाणी हौसेने किंवा अभ्यासासाठी मिळविणे, त्यांची ओळख पटविणे व ती जतन करणे यास नाणेसंग्रह म्हणतात. जुन्या नाण्याला तीन प्रकारचे मोल असते : धातूचे, बाजारातील मागणीचे आणि इतिहासाचा पुरावा म्हणून असणारे. ही तिन्ही क्वचितच एकमेकांशी जुळतात. संग्राहकाच्या बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्याने होतात.

हा छंद प्राचीन आहे. रोमन सम्राट ऑगस्टस सणाच्या वेळी जुनी व परदेशी नाणी भेट म्हणून देई, असे चरित्रकार स्विटोनिअसने नमूद केले आहे. इटालियन कवी पीत्रार्क (१३०४–७४) याने जमविलेल्या रोमन नाण्यांपैकी काही चौथ्या चार्ल्सला १३५४ मध्ये अर्पण केली. सोळाव्या शतकात संग्राहकांची संख्या वाढली आणि नकलाही होऊ लागल्या. पॅड्युआचा कारागीर जोव्हान्नी काव्हीनो (१५००–७०) याने रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेले काम इतके सरस होते, की पुढे ते अस्सल म्हणून विकले गेले. जर्मनीतील कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा मात्र उघड उघड बनावटच करी. नव्या नाण्यांना जुनेपणा यावा म्हणून तो ती लोखंडाच्या किसासह पेटीत घालून, ती पेटी आपल्या घोडागाडीला बांधून फिरवीत असे, असे सांगितले जाते.

भारतात नाणेसंग्रहाला शास्त्रीय वळण एकोणिसाव्या शतकात लागले. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) याला खरोष्ठी लिपी उलगडताना इंडो-ग्रीक राजांच्या द्वैभाषिक नाण्यांचा मोठा उपयोग झाला. एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लेख असलेली ही नाणी संग्राहकांनी राखली नसती, तर ही उकल पुष्कळच लांबली असती.

नाण्याचे पुराव्याचे मोल किती असू शकते, हे नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीवरून ध्यानात येते. त्यातील सु. १३,२५० चांदीची नाणी रेव्ह. एच. आर. स्कॉट यांनी तपासली. ती सर्व मूळची क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांपैकी सु. ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या मुखवट्यावर उमटलेला तीन कमानींचा पर्वत व मागील बाजूचे उज्जैन चिन्ह यांमुळे लेख अस्पष्ट होतो, चेहरा मोडतो. केवळ देखणेपणा पाहणारा गिऱ्हाईक असे नाणे खराब म्हणून बाजूला सारील. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दोन राजांपैकी आधीचा कोण व नंतरचा कोण, हे सांगणारा यासारखा साक्षीदार नाही. शिवाय एकटे नाणे केवळ क्रम सांगते. दोनतृतीयांशांहून अधिक नाणी पुन्हा ठोकली गेली, हे प्रमाण संपूर्ण निधी एकत्र पाहिल्यामुळेच कळले. निधी फुटून नाणी सराफाच्या मुशीत किंवा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली, की ही माहिती कायमची नष्ट होते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक करण्यात आले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

खरेदी करताना जुनेपणा म्हणजे किंमत, हा समज प्रथम सोडावा लागतो. उत्तर रोमन काळातील तांब्याची साधी नाणी सोळाशे वर्षांची असूनही विपुल मिळतात व म्हणून स्वस्त असतात. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया तुलनेने अर्वाचीन असूनही महाग आहे. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने त्याचे चित्र बदलण्यात आले आणि त्या वर्षीचे बहुतेक रुपये पुन्हा वितळविण्यात आले. शिवराईच्या बाबतीत वेगळीच गफलत होते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ ही अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवकालानंतरही दीर्घकाळ अनेक ठिकाणी पाडले जात होते. त्यामुळे केवळ अक्षरे पाहून प्रत्येक शिवराई शिवकालीन मानणे चुकीचे आहे; अक्षरांचे वळण, बिंदूंची वर्तुळे, रेघा व चिन्हे पाहावी लागतात. सोन्याचा होन तर इतका दुर्मिळ आहे, की तो सहजपणे विक्रीस आल्यास संशय घेणेच योग्य.

नाणे पारखताना वजन व धातू पाहणे ही पहिली पायरी. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा रुपया ११·६६ ग्रॅ. वजनाचा होता, झिजेने वजन थोडे घटते, फार नाही. हवेत व पाण्यात वजन करून घनता काढता येते (शुद्ध चांदी १०·५, सोने १९·३, तांबे सु. ८·९). ओतीव बनावटीत कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे व बोथट अक्षरे आढळतात. हाताने ठोकलेल्या भारतीय नाण्यांत ठसा चकतीहून मोठा असल्याने लेख अर्धवट उमटतो आणि प्रत्येक नाण्याचा आकार वेगळा पडतो. म्हणून दोन नाण्यांवर कडेची चीर व अक्षरांची तुटातूट तंतोतंत सारखी असेल, तर निदान एक तरी नक्कल असते. सराफांनी मोगल रुपयांवर तपासणीसाठी मारलेल्या खुणा मात्र अस्सलपणास बाधक नाहीत. मूळ नाण्यावरील अंक कोरून बदलण्याचा प्रकार १९३९ च्या दुर्मिळ रुपयाबाबत आढळतो. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहून राम-सीता वा हनुमान दाखविणारी तांब्याची नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत; ती निव्वळ काल्पनिक असून श्रद्धाळू ग्राहकांच्या गळ्यात घातली जातात.

चिंच, लिंबू किंवा राख यांनी नाणे उजळविण्याची घरगुती सवय घातक होय. तांब्यावर शतकानुशतके चढलेला हिरवट-तपकिरी थर निघून गेला, की लेखाच्या कडा झिजतात आणि पारख करण्याचा एक मुख्य आधार नाहीसा होतो. दागिन्यासाठी भोक पाडलेली किंवा नाके जोडलेली नाणी, उदा., माळेत ओवलेल्या पुतळ्या, संग्राहकांच्या बाजारात कमी भावाने जातात. वापराची खूण म्हणून अभ्यासकास मात्र त्या बोलक्या वाटतात.

पुरातन वस्तू व कला निधी अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरातन वस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनी नाणी मोठ्या किंमतीस विकत घेण्याच्या आमिषाने, रिझर्व्ह बँकेच्या नावाखाली शुल्क उकळण्याचे प्रकार घडल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपला अशा व्यवहारांशी संबंध नसल्याचे जाहीर केले. खरेदीची पावती, विक्रेत्याचे नाव आणि नाणे मूळ कोठे सापडले याची नोंद प्रत्येक नाण्यासोबत ठेवण्याची पद्धत चांगल्या संग्राहकांत आहे. पितळी डब्यात एकत्र पडलेल्या नाण्यांची ही माहिती मालकाच्या मृत्यूबरोबर जाते आणि वारसांजवळ उरते ती केवळ मोड.