इंदूरचं खत आणि मुखपृष्ठावरचं दुसरं नाव

‘सर्क्युलर बायोइकॉनॉमी’ हा शब्द हल्ली अ‍ॅग्रीटेक स्टार्टअपच्या प्रेझेंटेशनमध्ये हमखास असतो. अर्थ साधा आहे: शेतातून निघालेलं काही वाया घालवायचं नाही, फिरवून पुन्हा मातीत आणायचं. यावर रीतसर संशोधन करणारी एक संस्था शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात होती. मला तिचा पत्ता एका जुन्या पुस्तकामुळे लागला. १९३१ साली निघालेलं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’. लेखक दोन: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड.

हॉवर्ड माहीत असतात. सेंद्रिय शेतीचे पितामह वगैरे. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तिथे पिकाचा एक विभाग, बुरशीचा दुसरा, किडीचा तिसरा. शेत मात्र एकच असतं ना! या तुकड्यांना ते आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल (त्याही शास्त्रज्ञ) कंटाळले आणि १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. जमीन होळकर दरबाराची, पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा.

कापूस म्हटलं की पऱ्हाटी आलीच. वेचणी संपली की उरलेलं ते लाकूड लवकर कुजत नाही. इंदुरात त्यावर काढलेला उपाय मला फार आवडतो: पऱ्हाटी शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकंच ती चिरडतात. मग ती बैलांखाली अंथरायची, म्हणजे मूत मुरतं. पुढे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल खड्ड्यात थर लावायचे: काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती, राख. पाणी शिंपायचं, तीनदा ढीग वर-खाली करायचा. ९० दिवसांत खत तयार. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या.

यातली खरी कळ कार्बन आणि नायट्रोजनच्या प्रमाणात आहे. सुरुवातीला ते ३३ ला १ च्या आसपास हवं, कुजून ते १० ला १ कडे येतं. कार्बन जास्त झाला तर ढीग थंड पडतो, नायट्रोजन जास्त झाला तर तो अमोनिया होऊन उडून जातो. हवा कमी पडली की सडका वास. म्हणून खड्डा उथळ. चीनमधले शेतकरी असं खत शतकानुशतकं करत होते आणि फ्रँकलिन किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून ते हॉवर्डना ठाऊक होतं. इंदूरने त्याला मोजमाप दिलं. वाड हे संस्थेतल्या रसायन विभागाचे मुख्य सहायक. ढीग रचणं एक आणि आत काय चाललंय ते आकड्यांत सांगणं दुसरं. माझ्या क्षेत्रात दुसरं काम करणाऱ्याचं नाव रिलीज नोट्समध्ये कुठेतरी तळाला असतं. इथे ते निदान मुखपृष्ठावर आहे.

पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. ती चहा-कॉफीच्या मळ्यांत गेली, आफ्रिकेत गेली. १९३५ मध्ये गांधीजी संस्था पाहून आले आणि ‘हरिजन’मध्येही तिच्याबद्दल छापून आलं. १९३४ मध्ये हॉवर्ड ‘सर’ झाले, १९४० मध्ये त्यांचं ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आलं आणि जगाने तेच लक्षात ठेवलं. त्यावर नाव एकट्याचं. पद्धत ‘इंदूर’ म्हणून उरली, वाड मात्र तळटीपेत गेले.

मग एवढी चांगली पद्धत आपल्याकडे घरोघरी का नाही? मला वाटतं, अडचण रसायनशास्त्रात नव्हतीच. शेण चुलीत जात होतं, आणि शेणाऐवजी जाळायचं काय, याला खड्ड्याकडे उत्तर नव्हतं. ढीग तीनदा हलवायला माणसं लागतात. संस्थेकडे पगारी मजूर होते, कोरडवाहू कुटुंबाकडे नव्हते. पुढे युरियाचं पोतं आलं, जे एकटा माणूस तासाभरात टाकू शकतो.

यवतमाळकडचे माझे काका अजून पऱ्हाटी बांधावर जाळतात. कृषी खातंही गुलाबी बोंडअळीच्या भीतीने शेत लवकर मोकळं करा म्हणतं. मी त्यांना मोबाइलवर खड्ड्याची मापं दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, “बैल कुठं आहेत बाबू आता? ट्रॅक्टर भाड्यानं येतो.”

आता गावात श्रेडर भाड्याने मिळतो का, तो तासाला किती घेतो, याची चौकशी चालू आहे.