कागद समोर ठेवून

मराठी गद्याचा इतिहास वर्गात शिकवला जातो तेव्हा त्याचे टप्पे ठरून गेलेले असतात. १८७४ची निबंधमाला, १८८१चा केसरी, मग कादंबरी, मग लघुनिबंध. या क्रमात एका प्रकाराला कुठेच जागा मिळत नाही, आणि तो प्रकार म्हणजे इतिहासमंडळाच्या सभेत वाचून दाखवलेले टिपण. ते छापले गेले, जपले गेले, इतिहासकारांनी वापरलेही. पण त्याकडे साहित्य म्हणून पाहण्याचे कुणाच्या मनात आले नाही. इतिहासवाल्यांना त्यातली माहिती हवी होती आणि साहित्यवाल्यांना त्यात रस दिसत नव्हता. आमच्या मते त्यात रस आहे, फक्त तो शैलीत शोधायला गेल्यास सापडत नाही. तो त्या लेखनामागच्या श्रोत्यांत आहे.

भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० रोजी पुण्यात झाली. वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ती केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८मध्ये काढला होता, म्हणजे मंडळापूर्वी बारा वर्षे ते गावोगाव दप्तरे धुंडाळीत होते. एकट्या माणसाने रुमाल सोडायचे, वाचायचे, नकलायचे, छापायचे आणि चुकले तर चुकलेलेच छापायचे, असा तो उद्योग. मंडळाने यात भर घातली ती एका साध्या गोष्टीची. छापण्यापूर्वी कागद चार जाणत्यांपुढे वाचायचा. त्यासाठी पाक्षिक सभा आल्या, वार्षिक संमेलन आले, आणि जे वाचले गेले ते इतिवृत्तांतून व संमेलनवृत्तांतून प्रसिद्ध होऊ लागले. त्रैमासिक आले ते पुढे, १९२०मध्ये.

पुण्याला व्याख्यान काही नवे नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला १८७५पासून सुरू होती, आणि तिने मराठी वक्तृत्वाला जे दिले त्याबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु व्याख्यान आणि वाचन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्याख्याता श्रोत्यांना सोबत घेऊन जातो. त्याला लय सांभाळावी लागते, टाळी कुठे यावी याचा अंदाज ठेवावा लागतो. सभेत टिपण वाचणाऱ्याला ही सोय नाही. समोर बसलेल्या माणसाने तेच मोडी वळण वर्षानुवर्षे वाचलेले असते, किंवा त्याच घराण्याचे दुसरे पत्र त्याच्या पेटीत असते. तो मध्येच विचारू शकतो, की हे अक्षर 'व' कशावरून, हा शक कोणता, राज्याभिषेकाचा की शालिवाहनाचा?

अशा श्रोत्यासाठी लिहिलेले गद्य आपोआप वेगळे होते. जुनी इतिवृत्ते चाळताना ते ध्यानात येते. कित्येक टिपणे पानभराचीही नाहीत. कागद कुठे मिळाला, कोणाकडून मिळाला, कोणत्या स्थितीत आहे, एवढे सांगून मजकूर दिलेला असतो आणि त्याखाली दोन-चार वाक्यांत त्यातून काय निघते ते. विशेषणे जवळजवळ नाहीतच. अलंकार वापरला तर कोणी हटकेल, ही धास्ती वाक्यरचनेत मुरलेली दिसते. याला अपवाद स्वतः राजवाडे. त्यांची वाक्ये भांडत पुढे जातात, आणि प्रमेय पुराव्याच्या पुढे धावू लागले तरी ती थांबत नाहीत. पण लेखन मराठीतच करायचे हा त्यांचा हट्ट या सभांच्या फार उपयोगी पडला. शोध इंग्रजीत मांडून त्याचा सारांश मराठीत देण्याचा मार्ग मोकळा असताना, वादविवादाची सगळी परिभाषा मराठीतच घडवावी लागली. 'अस्सल', 'बनावट', 'समकालीन', 'उत्तरकालीन', 'दुजोरा' हे शब्द आज आपण ज्या निश्चित अर्थाने वापरतो, त्या अर्थाला धार येण्यात या बैठकांचा वाटा आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाख शुद्ध द्वितीयेचा, म्हणजे एप्रिल १६२७मधला, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. त्याचा आधार उत्तरकालीन बखरींत होता. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. टिळकांनी ती मंडळापुढे ठेवली आणि १९१६मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात ती छापली गेली. शकावली म्हणजे कथन नव्हे. १६१८पासून १६९७पर्यंतच्या घटना सनावळीप्रमाणे, एकेका ओळीत, कोरडेपणाने नोंदलेल्या. त्यातली जन्माची नोंद शके १५५१ची, फाल्गुन वद्य तृतीयेची; आणि तिथीसोबत वार शुक्रवार व नक्षत्र हस्त असेही दिलेले.

खरी गोम या शेवटच्या दोन तपशिलांत आहे. बखरकाराची गोष्ट पटते किंवा पटत नाही. तिथी, वार आणि नक्षत्र यांचा मेळ मात्र गणिताने तपासता येतो. 'ओरायन' १८९३मध्ये लिहिणाऱ्या टिळकांना हे सांगावे लागत नव्हते. ही तिथी म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. सभेत बसलेला कोणीही पंचांगगणिती हे स्वतः करून पाहू शकत होता, वक्त्यावर विश्वास टाकण्याची गरजच नव्हती. पुढे परमानंदाचे 'शिवभारत' १९२७मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही हीच तिथी निघाली. दुजोरा म्हणतात तो हा.

म्हणून वाद मिटला असे मात्र नाही. अनेक अभ्यासक १६२७लाच धरून राहिले. राज्य शासनाने १९६६मध्ये समिती नेमली आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत झाली ती २००१मध्ये, म्हणजे संमेलनवृत्तात शकावली छापली गेल्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी. तिथी की तारीख हा वाद तर त्यानंतरही उरला.

या सभांचे गुणगान करून थांबणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. कागद कारीचा होता, वाचन पुण्यात झाले. कागद ज्यांच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला ती घराणी देणगीदार म्हणून नोंदली गेली; प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र बहुतांशी सदाशिव पेठेतल्या पांढरपेशा, ब्राह्मण पुरुषांपाशी राहिला. जोतीराव फुल्यांनी १८६९मध्येच शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून त्या इतिहासावर निराळा हक्क सांगितला होता. तो हक्क सांगणाऱ्यांना त्या खोलीत खुर्ची कितपत होती? मोडी येते तोच श्रोता, ही अट निरुपद्रवी दिसते, परंतु मोडी कोणाला शिकायला मिळाली याचे उत्तर त्या अटीतच दडलेले आहे. खुद्द राजवाडेही अखेरीस पुण्यातून निघून धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे दुसरे मंडळ धुळ्यातच उभे राहिले.

आज इतिहासाची व्याख्याने गावोगाव होतात, श्रोते शेकड्यांनी येतात, आणि त्यांत पूर्वी ज्यांना दार बंद होते असे पुष्कळ जण असतात. ही वाढ खरी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण वक्ता उंचावर असतो, कागद त्याच्याही हातात नसतो, आणि प्रश्नोत्तरांची वेळ आभारप्रदर्शनात जाते. दार उघडले तेव्हा नेमके टेबल तेवढे उचलून नेले गेले.

मागे एकदा मराठीच्या वर्गात, गद्यप्रकार म्हणून, आम्ही ही शकावली वाचायला घेतली. मुलांनी आधी ती कंटाळवाणी ठरवली. मग एकाने विचारले, की तो शुक्रवार होता हे आपण तुमच्या सांगण्यावरून का मानायचे? आम्ही फळ्यावर मांडून दाखवले, की १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख, आजच्या गणनेने ती १ मार्च १६३० होते, आणि आजच्या गणनेत दर चारशे वर्षांनी वार पुन्हा तेच येतात. मागच्या बाकावरच्या मुलीने मोबाइलवर २०३० सालचा मार्च उघडला. एक तारखेला शुक्रवार निघाला. तेवढ्यात तिच्या शेजारणीने हात वर केला, 'वार जुळला सर, पण नक्षत्राचं काय?' तास संपला होता, तरी कोणी उठले नाही.