नाईक, बंडखोर आणि सनद

जव्हार संस्थानच्या स्थापनेची कथा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. जयबा मुकणे या कोळी नाइकानें तेथील वारली सत्ताधीशाकडे एका बैलाच्या कातड्यांत मावेल इतकीच जमीन मागितली. ती मिळतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनीं सारा मुलूख वेढून घेतला. कार्थेजच्या दिदो राणीविषयींही हीच कथा सांगतात. तेव्हां तिला इतिहास न म्हणतां दंतकथाच म्हटलें पाहिजे. परंतु दंतकथेलाही अर्थ असतो. असा व्यवहार एखाद्या सावकारानें कुळाशीं केला असता, तर आपण त्यास फसवणूक म्हटलें असतें. येथें मात्र जयबाचा पुत्र नेमशहा यास इ. स. १३४३ मध्यें दिल्लीच्या सुलतानाकडून राजा ही पदवी मिळाली, त्या दिवसापासून संस्थानचा शक सुरू झाला, आणि मुकण्यांचें राज्य १९४८ पर्यंत टिकलें. वरून मान्यता आली कीं कृत्याचें नांव पालटतें. या डोंगरांतील जुन्या गुन्ह्यांचा व शिक्षांचा विचार करतांना हें सूत्र हातचें सोडून चालत नाहीं.

जव्हार-मोखाड्याचा प्रदेश त्र्यंबकच्या डोंगरांखालीं, कोंकण आणि देश यांच्या मध्यें पसरलेला आहे. घाटवाटांनीं जाणारा माल, दाट रान आणि विरळ वस्ती हीं जेथें एकत्र येतात, तेथें वाटमारी होणारच. दख्खनच्या गांवांतील बंदोबस्ताची रीत एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत वर्णिली आहे. गांवच्या जागल्यानें चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जावें. माग पुढें जात असल्यास तो शेजारच्या गांवाच्या स्वाधीन करावा. आणि जेथें माग थांबेल त्या गांवावर चोरीची जबाबदारी पडावी. इंग्लंडांतही १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यानें दरोड्याची जबाबदारी अशीच त्या त्या विभागांतील रहिवाशांवर टाकली होती. पगारी पोलीस नसलेल्या दोन दूरच्या समाजांना एकच युक्ति सुचली, यांत नवल नाहीं.

पण सह्याद्रीच्या कातळावर माग उमटत नाहीं. तेथें रान जाणणारा माणूसच हवा; आणि रानांतील चोरवाटा सर्वांत चांगल्या कोणास ठाऊक? त्याच वाटांनीं लूट नेणारास. जावजी बांबळे याचें चरित्र या दृष्टीनें बोलकें आहे. हा महादेव कोळ्यांचा नाईक, म्हणजे जव्हारच्या राजघराण्याच्याच जातीचा. त्याचा वावर मात्र वरच्या घाटमाथ्यावर. १७६० मध्यें त्यानें पेशव्यांविरुद्ध बंड केलें, आणि सुमारें वीस वर्षें त्याच्या टोळ्यांनीं मुलखास त्राही करून सोडलें. त्याच्यावर पाठविलेल्या फौजांना यश आलें नाहीं. अखेर पाठलाग असह्य झाला, तेव्हां नाशिकचा सुभेदार धोंडो गोपाळ याच्या सल्ल्यानें त्यानें आपले किल्ले तुकोजी होळकराच्या हवालीं केले. होळकराच्या मध्यस्थीनें त्यास माफी मिळाली. इतकेंच नव्हे, तर साठ गांवांचा बंदोबस्त आणि कोळी दरवडेखोरांस जिवें मारण्याचा अधिकारही मिळाला. काल ज्याचें डोकें मागितलें जात होतें, तोच आज इतरांचीं डोकीं मागूं लागला.

आमचे कांहीं विद्वान् यास पेशवाईच्या दुर्बळतेचा पुरावा मानतात. त्यांनीं त्याच शतकांतील लंडनकडे पाहावें. तेथें १६९९ च्या कायद्यानें दुकानांतून पांच शिलिंगांचा माल लपवून नेणारासही फांशी सांगितली होती. पण चोर धरावयास सरकारी माणसें नव्हतीं. म्हणून १६९२ पासून वाटमाऱ्यास पकडून देणारास चाळीस पौंडांचें बक्षीस ठेवलें गेलें. त्या बक्षिसावर जोनाथन वाइल्ड हा गृहस्थ पोसला. तो चोरांकडून चोऱ्या करवी, मालकांस पैसे घेऊन माल परत मिळवून देई, आणि न ऐकणाऱ्या चोरांस फांशीवर चढवी. १७२५ मध्यें तो स्वतःच टायबर्नला लटकला. सरकारनें वाइल्डच्या हातीं बक्षीस दिलें, पण जबाबदारी दिली नाहीं. जावजीच्या गळ्यांत मात्र साठ गांवांची जबाबदारी अडकविली होती. तेथें चोरी झाली तर नांव त्याचें जाणार होतें. आमच्या मतें हा भेद लहान नव्हे.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचीही आमची इच्छा नाहीं. त्या वीस वर्षांत ज्यांचीं घरें लुटलीं गेलीं, त्यांस काय मिळालें? त्यांच्या लुटारूस इनाम म्हणून अधिकार मिळाला, आणि त्यांनीं मुकाट्यानें त्यालाच राखणदार म्हणावें लागलें. तडजोड सरकार आणि नाईक यांच्यांत झाली. तिची किंमत रयतेनें दिली.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली. मोखाडा इंग्रजांच्या ठाणें जिल्ह्यांत गेला, जव्हार राजाकडे राहिलें. एकाच रानावर दोन सत्ता आल्या. घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांतील शिबंदी मोडली आणि पुष्कळ कोळी कुटुंबांची पिढीजाद चाकरी गेली. पुढें राघोजी भांगरे यानें बंड केलें, तेव्हां नव्या सरकारनें त्यास सनद देऊं केली नाहीं. १८४८ च्या आरंभीं तो पंढरपुरास पकडला गेला आणि २ मे रोजीं ठाण्यास फांशीं गेला. आज लोक त्यास आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करतात, म्हणजे त्याला मिळालेलें नांवही पुन्हां पालटलें आहे.

जावजी व राघोजी यांच्या मार्गांत फारसें अंतर नव्हतें; अंतर होतें तें त्यांच्यासमोरच्या सरकारांत. एकास बंडखोराची गरज होती, दुसऱ्यास उरली नव्हती. म्हणून जुन्या दप्तरांत दरवडेखोर हा शब्द आढळला कीं वाचकानें तो कोणी लिहिला हें आधीं पाहावें, आणि ज्याची पेटी लुटली गेली त्या रयतेचें म्हणणें त्या दप्तरांत कोठें आलें आहे कां, हेंही शोधावें.