पारपत्रावरील मुद्रा

जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर आजोबांचे एखादे छायाचित्र टांगलेले असे. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, शेजारी कोरीव तिपाई, मागे रंगवलेला पडदा आणि चेहऱ्यावर किंचित अवघडलेले गांभीर्य. ते चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला आजोबा कोण हे आधीच ठाऊक असे. किंबहुना ठाऊक असे म्हणूनच ते चित्र भिंतीवर असे. पारपत्राच्या पानावरील ३.५ सेंटिमीटर रुंद आणि ४.५ सेंटिमीटर उंच चित्राची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जो आपल्याला ओळखत नाही, पुन्हा कधी भेटणार नाही आणि ज्याच्या मनात आपल्याविषयी थोडासा संशयच असणे त्याचे कर्तव्य आहे, अशा परक्या माणसासाठी ते काढलेले असते.

आज रायपूरमध्ये तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या घरी असे चित्र काढण्याचा प्रसंग येतो, तेव्हा बहुधा घरात चार वर्षांच्या आतील मूल असते. मोठ्या माणसांचे छायाचित्र पारपत्र सेवा केंद्रातच घेतले जाते. परंतु एवढ्या लहान मुलाचे चित्र पालकांनी बरोबर न्यावयाचे असते. मग पलंगावर पांढरी चादर अंथरली जाते, बाळाला उताणे निजवले जाते आणि हातातला दूरध्वनी घेऊन कुणीतरी वरून वाकून उभे राहते. बाळ हसते, तर ते चित्र चालत नाही. रडते, तर चालत नाही. आईचा आधाराचा हात चित्रात आला, तरी चालत नाही. घरातील वडील माणसांना हे नियम काहीसे निर्दय वाटतात. परंतु या नियमांना इतिहास आहे, आणि तो जाणून घेण्याजोगा आहे.

मराठीत ‘मुद्रा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि मुद्रा म्हणजे चेहऱ्यावरील भाव. प्रवासाच्या परवान्याचा इतिहास म्हणजे पहिल्या मुद्रेकडून दुसऱ्या मुद्रेकडे झालेला प्रवास होय.

मराठी अंमलात वाटसरूजवळ दस्तक असे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिले आणि छत्तीसगडात मोडी कागदांचा व्यवहार रुळला. त्या काळातील कागदाचा भरवसा त्यावरील शिक्क्यावर आणि मोर्तबावर असे. कागद कुणी दिला, हे शिक्का सांगे. कागद घेऊन आलेला माणूस तोच कशावरून, हे मात्र कागद सांगत नसे. ते काम सोबतचे लोक करीत, बोलण्याचालण्यातील खुणा करीत, नाक्यावरील माणसाचा अनुभव करी. युरोपातही फारसे वेगळे नव्हते. तेथील काही परवान्यांवर उंची, कपाळ, नाक, हनुवटी, वर्ण यांचे शब्दांत वर्णन असे. पण ‘नाक मध्यम, चेहरा लांबट’ एवढ्या वर्णनात हजार माणसे सहज बसत.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत मुंबईला पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या कलेतील आरंभीची नावे आपल्याच माणसांची आहेत. परंतु या चित्रांचा हेतू गौरवाचा, आठवणीचा होता. ओळख पटवण्याचा नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. रायपूरमध्ये कुमारवयाची सुमारे दोन वर्षे घालवलेले नरेंद्रनाथ दत्त स्वामी विवेकानंद या नावाने १८९३ मध्ये मुंबईहून निघाले. या दोघांचीही छायाचित्रे आज घरोघरी ओळखीची आहेत. पण परदेशाच्या बंदरात उतरताना कागदावर चेहरा चिकटवून आणण्याची अट त्या काळी नव्हती.

चेहऱ्याकडे संशयाने पाहण्याची पद्धत प्रथम पोलिसांनी घालून दिली. १८८० नंतरच्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तियों याने अटकेतील माणसांची चित्रे ठराविक अंतरावरून, ठराविक प्रकाशात, एक समोरून आणि एक बाजूने घेण्याचा शिरस्ता पाडला. पडदा नाही, तिपाई नाही, आविर्भाव नाही. दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहता यावीत, एवढाच हेतू. आज सज्जन नागरिकाच्या पारपत्रावर जे चित्र असते, त्याचे कूळ दिवाणखान्यातील आजोबांच्या चित्रापेक्षा या पोलिसी चित्राशी अधिक जवळचे आहे. ते चित्र काढून घेताना मनात जो एक सूक्ष्म संकोच उत्पन्न होतो, त्याचे मूळ कदाचित येथेच असावे.

पारपत्रावर चेहरा आला तो मात्र पहिल्या महायुद्धात, एका हेराच्या पायी. कार्ल हान्स लोडी हा जर्मन आरमाराचा माणूस १९१४ मध्ये चार्ल्स इंग्लिस नावाचा अमेरिकन प्रवासी बनून ब्रिटनमध्ये वावरला. त्याच्याजवळील पारपत्र खोटे नव्हते. ते खऱ्याखुऱ्या इंग्लिसचे, बर्लिनमध्ये अधिकाऱ्यांच्या हाती आलेले पारपत्र होते. त्यावर चित्र नसल्यामुळे ते कुणाच्याही हाती शोभले. लोडी पकडला गेला आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने पारपत्रासाठी छायाचित्र आवश्यक केले, आणि १९१५ मध्ये ब्रिटनच्या पारपत्रावरही ते आले. कागद खरा आणि माणूस खोटा, ही शिक्क्याच्या मुद्रेची उणीव होती. ती चेहऱ्याच्या मुद्रेने भरून काढली.

हिंदुस्थानात युद्धकाळातच, १९१७ मध्ये, पारपत्राचे निर्बंध आले; १९२० मध्ये त्यांना कायद्याचे रूप मिळाले. या नव्या कागदाची धार महाराष्ट्राला लगेच जाणवली. १९१८ मध्ये लोकमान्य टिळक होमरूलच्या शिष्टमंडळासह विलायतेस निघाले आणि कोलंबोपर्यंत पोहोचले. तेथे त्यांची पारपत्रे रद्द करण्यात आली. त्याच वर्षी पुढे चिरोल खटल्यासाठी जाण्याची परवानगी मिळाली, ती राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. ज्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर रायपूरच्या माधवराव सप्र्यांनी केले, त्या लोकमान्यांचा चेहरा हिंदुस्थानात कोण ओळखत नव्हते? तेव्हा ओळख पटणे ही एक गोष्ट आणि जाऊ देणे ही दुसरी. पारपत्र हे त्या काळी सरकारची मेहेरनजर होते.

स्वातंत्र्यानंतरही ही स्थिती काही काळ राहिली. पारपत्र द्यावे की नाकारावे हे सरकारच्या मर्जीवर होते. त्याविषयी नागरिकाला बांधील असा कायदा नव्हता. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावून घेता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्रांचा कायदा झाला. या निर्णयामुळे चित्राचा अर्थही पालटला. मेहेरनजर मागणाऱ्याचे चित्र वेगळे आणि हक्क मागणाऱ्याचे वेगळे. हक्क मागणाऱ्याचा अर्ज केवळ चित्र सदोष म्हणून अडकला, तर त्या लहानशा दोषामागे एक मोठी गोष्ट अडकलेली असते. कुणाचे शिक्षण, कुणाची नोकरी, कुणाच्या परदेशी असलेल्या मुलीचे बाळंतपण.

आरंभीची पारपत्रचित्रे मोठी मौजेची असत. कुणी टोपी घालून, कुणी बागेत उभे राहून, कुणी कुटुंबासमवेत. पाहणारा माणूस होता, आणि माणसाची नजर टोपीखालचा चेहराही ओळखते. पुढे प्रवासी वाढले, विमाने आली. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये यंत्राला वाचता येईल अशा पारपत्राचे नियम प्रसिद्ध केले आणि २००३ मध्ये सर्व देशांसाठी ओळखीची समान खूण म्हणून चेहऱ्याचीच निवड केली. भारतापुरते पाहिले, तर बोटांच्या ठशांचे पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाले होते; ठसा चेहऱ्याहून अधिक निश्चितही आहे. तरीही चेहराच निवडला गेला, कारण तो देण्यास कुणाची हरकत नसते, आणि यंत्र बंद पडले तरी माणूस तो पाहू शकतो.

मात्र यंत्र माणसासारखे पाहत नाही. ते दोन डोळ्यांचे मध्यबिंदू शोधते आणि तेथून मापे घेते. हे एकदा ध्यानात आले, की घरी चित्र काढतानाचे नियम जाचक वाटत नाहीत. चष्मा काढावयाचा, कारण काचेवरील चमक डोळे झाकते. तोंड मिटलेले हवे, कारण हसण्याने गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि मापे बदलतात. पाठीमागे शुभ्र पांढरे हवे, म्हणजे मस्तकाची कड स्पष्ट उमटते. आणि भिंतीपासून थोडे पुढे उभे राहावयाचे, म्हणजे त्या शुभ्रतेवर सावली पडत नाही. खिडकी पाठीशी नको, समोर हवी. म्हणजे दोन्ही गालांवर सारखा उजेड येतो. चित्र सुमारे दीड मीटरवरून घ्यावयाचे. हात लांब करून स्वतःच काढलेल्या चित्रात भिंग फार जवळ येते, नाक मोठे दिसते आणि कान मागे सरतात. तो चेहरा आपला असूनही आपला राहत नाही. डोक्यावरील वस्त्र केवळ धर्माचाराचे असेल तरच चालते. तेव्हाही हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा उघडा हवा.

आणखी एक नियम सर्वांत जुन्या सवयीविरुद्ध आहे. पूर्वी छायाचित्रकार काचेवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाच्या सुरकुत्या पुसत असे, आणि गिऱ्हाईक त्यावर खूश असे. ती पेन्सिल आज दूरध्वनीतच दडलेली आहे. पुष्कळदा न सांगताच ती त्वचा उजळते, व्रण पुसते. भिंतीवरील चित्राला हे शोभते. पारपत्रावर मात्र व्रण हाच साक्षीदार असतो. म्हणून ही सोय आधी बंद करावी लागते.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशांतील भारतीय वकिलातींनी अर्जासोबतच्या चित्रासाठी हेच आंतरराष्ट्रीय नियम लागू केले. चेहऱ्याने चित्राचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापावा, असे ते सांगतात. त्यामुळे परदेशी राहणारी मराठी कुटुंबेही आपल्या घरातील पांढऱ्या भिंतीपाशी उभी राहू लागली आहेत.

२००८ मध्ये भारताचे पहिले इलेक्ट्रॉनिक पारपत्र तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना देण्यात आले. सामान्य नागरिकांसाठी त्याचा आरंभ एप्रिल २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वर येथे झाला. पाठोपाठ ज्या मोजक्या शहरांत ते सुरू झाले, त्यांत रायपूरही होते. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. मग ती भोपाळला गेली, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर स्वतःच छत्तीसगडची राजधानी झाले. या नव्या पारपत्राच्या वेष्टनात एक इवलीशी चकती असते. तिच्यात चेहरा साठवलेला असतो आणि त्यावर सरकारची गुप्त आकड्यांची मोहोरही असते. त्या चित्रात कुणी फेरफार केला, तर मोहोर जुळत नाही. अशा रीतीने मुद्रेचे दोन्ही अर्थ शेवटी एकाच जागी आले आहेत.

तात्यापाऱ्यातील त्या घरी दहा-बारा प्रयत्नांनंतर एखादे चित्र साधते. बाळाचे डोळे उघडे आहेत, ओठ मिटलेले आहेत, चादरीवर सुरकुती नाही. आजी ते चित्र पाहते आणि म्हणते, हे काही आमच्या बाळासारखे दिसत नाही. तिचे म्हणणे खरे आहे. तिच्या ओळखीचे बाळ हसरे आहे, आणि नियमात न बसलेली ती बाकीची चित्रे ती ठेवून घेते. हे एक चित्र तिच्यासाठी काढलेले नव्हतेच. ते एखाद्या दूरच्या विमानतळावर काचेपलीकडे बसलेल्या माणसासाठी आहे, ज्याने बाळाकडे एकदा आणि कागदाकडे एकदा पाहून त्याला पुढे जाऊ द्यावे.