काढल्यावर कुठे ठेवायचं?

होळी जळली, थंडी पळाली, असं आपण म्हणतो खरं. पण मुंबईतल्या आमच्या मरोळमध्ये ती एका रात्रीत पळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आरेच्या बाजूने गारवा उतरतो, मरोळ-मरोशी रस्त्यावर दूध टाकणारा कानटोपी घालून फिरतो आणि अकरा वाजता त्याच रस्त्यावर शर्ट पाठीला चिकटतो. ही सगळी वाऱ्याची करामत. या दिवसांत सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून वाहतो. समुद्रावरचा वारा सुरू होईपर्यंत पारा चढत राहतो. त्याला जितका उशीर, तितकी तलखी जास्त. मरोळ किनाऱ्यापासून आत, त्यामुळे आमच्या वाट्याला तो येतो तोही उशिरानेच. सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७. सालं वेगळी, पण कॅलेंडरवर मधे दोनच महिने.

अशा हवेत पुरुषाने अंगावर काय चढवावं, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. मी शिंपी. मरोळ एमआयडीसीत एक्स्पोर्टच्या कारखान्यात कटिंग मास्तर होतो. आता नाक्याजवळ ऑल्टरेशनचं छोटं दुकान चालवतो. तरुण पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात: आत टी-शर्ट, वर उघडा शर्ट, त्यावर पातळ जॅकेट. ‘काका, अस्संच फिटिंग पाहिजे.’ त्यांना वाटतं, एकावर एक कपडे घालण्याची ही तऱ्हा बाहेरून आली. आपल्याकडे ती फार जुनी आहे, आणि तिच्यामागे पक्का हिशेब होता.

बाराबंदीच घ्या. समोरचे दोन पल्ले एकमेकांवर येतात, म्हणजे छाती-पोटावर कापडाचे दोन थर आणि पाठीवर एकच. पहाटेचा वारा समोरून झोंबतो, घाम पाठीवरून वाहतो. जुन्या शिंप्याने दोन्हीची सोय एकाच कपड्यात केली होती. बटण नाही, बंदांवर काम. ऊन तापलं की वरचे बंद सोडायचे. पारशांचा पांढरा डगलाही बंदांचाच, आणि त्याच्या आत मलमलीचा सदरा असायचाच. बाराबंदी किंवा अंगरख्यावर उपरणं. लोकमान्य टिळकांचे फोटो आठवा: अंगरखा, खांद्यावर उपरणं, डोक्यावर पगडी. उपरणं गार वाटलं तर गळ्याभोवती, ऊन लागलं तर डोक्यावर, घाम आला तर तोंड पुसायला, बसायचं झालं तर खाली अंथरायला.

शेतकऱ्याचं हेच काम घोंगडी करायची. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, जाडीभरडी. पावसात खोळ, पहाटे पांघरूण, दुपारी झाडाखाली अंथरूण. १८८८मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारसमारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी देशातल्या गरिबीची साक्षच दरबारी पोशाखांपुढे उभी केली. आम्ही शिंपी त्यात आणखी एक गोष्ट बघतो. अंगावरून उतरलेली घोंगडी खांद्यावर बसते, तिला वेगळी जागा लागत नाही.

माझ्या मते मुंबई-कोकणच्या हवेत टिकलेल्या प्रत्येक वरच्या कपड्याचं गुपित हेच आहे. काढल्यावर त्याचं काय करायचं, याचं उत्तर त्याच्यापाशी तयार असतं.

कोटापाशी ते नव्हतं. इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, शाळा, कोर्टं आली आणि धोतरावर कोट चढला. कारकुनांनी त्यातही शहाणपण दाखवलं. जाड लोकरीऐवजी आल्पाकाचा काळा कोट घेतला. वजनाला हलका, अंगाला न चिकटणारा. शिवाय कचेरीत खुंटी होती, खुर्चीची पाठ होती. कोट खुर्चीवर टांगून चहाला गेलेल्या कारकुनाचे विनोद उगीच झाले नाहीत. घरी दाराआड खुंटी, कचेरीत खुंटी. मधल्या प्रवासापुरता कोट अंगावर.

मरोळच्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती, वस्तीत तर कोट-पाटलोण इतरांच्या आधी रुळली. इथल्या सेंट जॉन चर्चचं मूळ १५७९चं. पहिली इमारत आज सीप्झ या निर्यात-उद्योग वसाहतीच्या आवारात पडक्या अवस्थेत आहे आणि साथीच्या रोगानंतर, १८४०मध्ये, चर्च मरोळ गावात आलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, काळात लग्नं होत नाहीत. ईस्टर झाला की बार उडतात, म्हणजे नेमके एप्रिलच्या उकाड्यात. नवरदेव सुटात हवाच. त्या सीझनचे कोट दुरुस्तीला येतात तेव्हा मी आधी बगल बघतो. बाहेरचं कापड ठणठणीत असतं, खांद्याचा कॅनव्हास जागच्या जागी असतो आणि बगलेतलं अस्तर मात्र घामाने कुजून जाळीदार झालेलं. मिठाचे पांढरे डाग थेट खिशापर्यंत उतरलेले. मुंबईतला कोट कोपरात किंवा कॉलरला फाटत नाही, तो बगलेत मरतो.

पुढे लोकलची गर्दी वाढली आणि खुंटीवरचा हिशेब मोडला. काढलेला कोट हातावर टाकून विरार गाडीत चढून दाखवा! मग सत्तरच्या दशकात टेरिकॉटची सफारी आली. शर्ट आणि कोट दोन्हीचं काम अर्ध्या बाह्यांच्या एकाच कपड्यात उरकलं. धुतली, वाळली, घातली. इस्त्रीचीही फारशी कटकट नाही. सोय झाली, पण थराचं शहाणपण गेलं. टेरिकॉट घाम पीत नाही, आणि सफारीचं एकही बटण सोडावं तर आतली बनियन दिसते.

त्याच काळात मरोळमध्ये एक गंमत चालली होती. एमआयडीसीच्या गाळ्यांत परदेशी ऑर्डरी शिवल्या जात. १९७४च्या मल्टी-फायबर करारामुळे विकसनशील देशांना निर्यातीच्या कपड्यांचा कोटा ठरलेला होता, आणि भारताचा जोर सुती, म्हणजे वसंत-उन्हाळ्याच्या मालावर. तिकडच्या दुकानांत फेब्रुवारी-मार्चमध्ये माल लागायचा, तर आमच्याकडे कटिंग ऑक्टोबरच्या उकाड्यात. पत्र्याखाली घाम पुसत आम्ही लंडनच्या वसंतासाठी जॅकेटं कापत होतो. बायरच्या स्पेसिफिकेशनमध्ये काय असायचं? सुती कापड, पाठीला अस्तर नाही, फक्त खांद्यावर आणि बाहीत. आतल्या शिलाईला पायपिंग, म्हणजे जॅकेट उघडं असलं तरी आतली बाजू नीट दिसावी. खांद्याला पॅड नको, घडी घालून बॅगेत मावलं पाहिजे. पहिल्यांदा हा कागद हातात आला तेव्हा मी मनात म्हटलं, ही तर बाराबंदीचीच नात! पाठ मोकळी, पुढून उघडी, काढली की अडचण नाही. आपण जे टाकून दिलं होतं, तेच बायरच्या मापाने शिवून बोटीत चढवत होतो. शिल्लक माल फॅशन स्ट्रीटवर आणि लिंकिंग रोडवर यायचा, आणि मुंबईची पोरं तो घासाघीस करून घ्यायची.

२००४च्या अखेरीस कोटा संपला. जागेची भाडी आधीच चढलेली. बरेच गाळे बंद पडले, काहींच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाली आणि मरोळ नाक्याला एसी डबा लागला. आज इथल्या पोराला दिवसभरात चार हवामानं भेटतात: आरेकडची गार सकाळ, मेट्रोतला एसी, स्टेशनबाहेरचं रणरणतं ऊन आणि ऑफिसात डोक्यावर येणारा थंडगार झोत. वसंतातली लहरी हवा आता बारा महिने झाली आहे. त्यामुळे वरचा थर परत आला, ते योग्यच झालं.

फक्त तो निवडताना फोटो बघू नका, जॅकेट उलटं करून बघा. पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर असेल तर मुंबईत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. आतला थर सुती आणि पातळ, मधला शर्ट पुढून उघडा, वरचं जॅकेट बिनअस्तराचं. बगल सैल ठेवा. हात वर करून लोकलची कडी धरता आली पाहिजे. रंग वरून गडद आणि आतून फिका ठेवा, वरचं काढल्यावरही माणूस नीटनेटका दिसतो. आणि दुकानातच ते काढून, घडी घालून, आपल्या रोजच्या बॅगेत कोंबून बघा. मावलं तर पैसे द्या. नाही मावलं तर एप्रिलपासून ते कपाटातच राहणार, हे मी शिंपी म्हणून लिहून देतो.